भाव नंतर विचार, आधी ‘कुठला’ ते विचार

अगं, भाजीवाल्यापुढे उभी राहिलीस की तुझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कसे दिले?” वांग्याला, दोडक्याला ते चालतं. कांद्याला आधी विचारायचं, “कुठला आहे? पोळ, रांगडा की उन्हाळ?” तो क्षणभर तुझ्याकडे बघेल, पण बाई जाणती आहे हे त्याला कळेल आणि मागच्या पोत्यातला बरा माल पुढे येईल. माहेरी कांदा पोत्यानं असायचा, त्यामुळे तो निवडून घ्यावा लागतो, सांभाळावा लागतो हे तुला कळायचं काही कारणच नव्हतं. आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर तुझ्या हातात आलंय आणि फोनवर तक्रारी सुरू झाल्यात. एकदा म्हणालीस, पंधरा दिवसांत मोड आले. एकदा म्हणालीस, परतून परतून हात दुखले पण लाल काही होईना. परवा म्हणालीस, कापला तर मधोमध लाकडासारखी काडी निघाली. या तिन्हींचं मूळ एकच आहे बघ. वर्षभरात तुझ्या टोपलीत तीन वेगवेगळे कांदे येतात, त्यांचे स्वभाव वेगळे असतात, आणि तू तिघांनाही एकाच मापानं मोजतेस.

पोळ म्हणजे खरिपाचा. मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर त्याचं रोप टाकतात, जुलै-ऑगस्टात लागण होते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तो बाजारात येतो. पिंपळगाव बसवंतचं नाव लावणारं ‘बसवंत ७८०’ हे वाण याच हंगामाचं. रंग गडद लाल, साल पातळ, मान जाड, आणि पावसात वाढल्यामुळे अंगात पाणी भरपूर. दिसायला असा देखणा की हात आपोआप तिकडे जातो. शहरातल्या बायका त्या रंगावर भाळून पाच-पाच किलो घेऊन जातात आणि मग मोड आले म्हणून कपाळाला हात लावतात. पोळ कांदा आठवड्यापुरता घ्यायचा, किलो-दीड किलो, बस्स.

त्याच्या पाठोपाठ रांगडा. ऑगस्ट-सप्टेंबरात रोप, ऑक्टोबरच्या आगेमागे लागण, जानेवारी ते मार्च काढणी. पोळपेक्षा जरा टिकाऊ, पण महिन्या-दीड महिन्याच्या पुढे त्याच्यावर विसंबू नकोस. तुझी ती काडी बहुतेक यातलीच. आमच्याकडे तिला डेंगळा म्हणतात. कांद्याचं झाड मुळात दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी अन्न साठवून कांदा पोसायचा, दुसऱ्या वर्षी तोच साठा खर्चून फुलोरा काढायचा, असा त्याचा हिशोब. वाढत्या वयात कडाक्याची थंडी लागली की काही झाडांची गफलत होते. एक वर्ष सरलं असं समजून ती अवेळीच दांडा वर काढतात. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात, बघायला फार छान. पण खाणाऱ्याच्या वाट्याला येतो तो आतला टणक दांडा आणि त्याच्याभोवतीचा पोकळ कांदा. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत घेताना मानेकडे बघायचं. मान बोटाएवढी जाड आणि कडक लागली तर तो बाजूला ठेव.

आणि तिसरा उन्हाळ, म्हणजे रब्बीचा. आपल्याकडचे म्हातारे लोक गावठी म्हणतात तो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप, डिसेंबर-जानेवारीत लागण, एप्रिल-मेमध्ये काढणी. तुझे दाजी वर्षानुवर्षं ‘एन-२-४-१’ लावतात ते याच हंगामाला. रंग फिकट विटकरी, साल दोन-तीन पदरी आणि चुरचुर वाजणारी, मान सुकून मिटलेली. देशात पिकणाऱ्या कांद्यातला ६० टक्क्यांच्या आसपास कांदा हा रब्बीचाच. मे महिन्यापासून दसरा-दिवाळीपर्यंत आपण सगळे त्याच्याच जिवावर जेवतो. साठवायचा तर हाच.

आता एक कर. कांदा हातात घे आणि देठापासून मुळापर्यंत उभा मधोमध काप. तळाशी एक कडक, चपटी तबकडी दिसेल. ते कांद्याचं खरं खोड. खालची दाढी म्हणजे मुळं. वरचे जाड पांढरे पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले बुडखे, त्यात झाडानं पुढच्या वर्षाची शिदोरी भरून ठेवलेली असते. आणि अगदी गाभ्यात, तबकडीला चिकटून, पोपटी रंगाचा एक इवलासा कोंब. तो आहे म्हणजे कांदा जिवंत आहे. तू टोपलीत ठेवतेस तो फक्त झोपलेला असतो.

ही झोप त्याला शेतातच लागते. कांदा पोसला की पात आपोआप मानेत मोडते आणि जमिनीवर आडवी होते. आम्ही म्हणतो, “पात पडली.” निम्म्याच्या वर शेतातली पात पडली की काढणीला हात घालायचा. काढलेला कांदा लगेच पोत्यात भरायचा नाही. तीन-चार दिवस वावरातच पसरायचा, आणि तोही असा की एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत, म्हणजे ऊन पातीला लागतं, कांद्याला लागत नाही. तेवढ्या दिवसांत मान सुकते, वरची साल पक्की होते. मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापायची आणि कांदा सावलीत टाकायचा. त्या पेराएवढ्या मानेवर सगळं अवलंबून. ती मिटली की आत ना ओल शिरते, ना बुरशी. पोळ कांद्याला हे सुख नाही. त्याच्या काढणीला कधी पाऊस असतो, कधी पात हिरवीगार उभीच असते, मान नीट मिटत नाही आणि झोप कच्ची राहते. म्हणून तुझ्या घरी पंधरा दिवसांत मोड.

झोप लांबवायचा एक सरकारी उपायही आपल्या लासलगावातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली तिथे ‘कृषक’ नावाचं केंद्र सुरू केलं. तिथे कांद्याला गॅमा किरण अगदी मोजून देतात. त्यानं गाभ्यातल्या कोंबाची वाढ थांबते आणि मोड येत नाहीत. कांदा किरणोत्सारी वगैरे होत नाही, तेव्हा कुणी घाबरवलं तर घाबरू नकोस. मात्र आधीच सडका असलेला कांदा त्यानं चांगला होत नाही, निवड करावीच लागते.

निवड म्हणजे काय, तर कांदा चिमटीत धरायचा आणि अंगठ्यानं मान दाबायची. मान दबली, ओलसर लागली, तर तो आठ दिवसांच्या आत कुजणार. मग उलटा करून बूड बघायचं. मुळं वाळकी तुटतुटीत हवीत, हिरवट-पांढरी नवी मुळं फुटलेली नकोत. मग नाकाशी धरायचा. सुक्या कांद्याला कापल्याशिवाय फारसा वास येत नाही. न कापताच उग्र वास आला तर आत काहीतरी बिघडलंय. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती काजळी, एक बुरशी. वरच्यावर असेल तर तो पापुद्रा काढून टाक, कांदा धुऊन घे आणि त्याच दिवशी संपव. आतल्या पापुद्र्यांपर्यंत काळं गेलं असेल तर सरळ टाकून दे, जीव अडकवू नकोस. जोडकांदा, म्हणजे एका सालीत दोन, खायला वाईट नसतो, पण टिकत नाही. तो स्वस्त मिळाला तर लगेच वापरायला घ्यावा. आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, शहरात कमीपणाची मानतात. मला विचारशील तर भरली वांगी, सांबार, मसालेभात यांना अख्खी गोल्टीच घाल.

घरी ठेवताना आमची कांदाचाळ डोळ्यांपुढे आण. तिचं तळ जमिनीपासून उचललेलं असतं, म्हणजे खालून वारा खेळतो. भिंती फटींच्या, रुंदी चारेक फूट, ढीग चार-पाच फुटांच्या वर नाही. एवढं सांभाळूनही चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि मोड मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. तू तर त्याला सिंकखालच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बटाट्याच्या मांडीला मांडी लावून ठेवतेस! कांद्याला हवा आणि कोरडेपणा लागतो. तारेची टोपली, बांबूची पाटी, नाहीतर गोणपाटाची पिशवी घे आणि बाल्कनीच्या सावलीत टांग. बटाटा वेगळा ठेव, त्याच्या ओलाव्यानं कांदा कुजतो. अख्खा कांदा फ्रिजमध्ये ठेवू नकोस. तिथली थंडी आणि दमटपणा म्हणजे त्याला उठायचं आमंत्रणच. दर रविवारी एकदा हात फिरवायचा आणि मऊ पडलेला उचलायचा. एक सडका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो.

मोड आलेच तर फेकू नकोस. कांदा कडक असेल तर खुशाल खा, मोडासकट. मऊ पडायला लागला असेल तर कुंडीत निम्मा पुरून ठेव. आठ-दहा दिवसांत पात कापायला येईल. कापत राहा, पुन्हा येते. फक्त त्याच कुंडीत पुढे नवा मोठा कांदा मिळेल अशी आशा धरू नकोस, तो बिचारा शिदोरी पातीवर खर्च करून बसलेला असतो. पातीचा झुणका जावईबापूंना आवडतो, तेवढं कारण पुरे.

पांढऱ्या कांद्याचं वेगळं सांगते, कारण अलिबागला गेलात की तुम्ही हमखास फसता. तिथे भात काढला की त्याच खाचरातल्या ओलीवर हिवाळ्यात हा कांदा लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा कमी. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा रस्त्याकडेला ‘अलिबागचा’ म्हणून उभा राहतो. खरा अलिबागी कांदा मध्यम आकाराचा, जरासा चपटा, मानेला बारीक, आणि वाळल्या पातीसकट त्याच्या वेण्या घातलेल्या असतात. ती वेणी शोभेची नव्हे, साठवण आहे. तशीच खुंटीला टांगायची आणि लागेल तसा एकेक कांदा खुडायचा. फेब्रुवारी ते मे हा त्याचा काळ. भर पावसाळ्यात कुणी ताजा म्हणून दिला तर हसून पुढे चल.

आता कापण्याकडे ये. डोळ्यांत पाणी येतं म्हणून तू हेल्मेट घालून कांदा चिरतेस हे ऐकून आई अजून हसतेय. कांद्याच्या पेशीत गंधकाचे पदार्थ एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि एक उडणारा वायू तयार होतो. तो डोळ्याच्या ओलाव्यात मिसळला की चुरचुरतं आणि डोळा पाणी काढून तो धुऊन टाकतो. या कामात एक दुसरं खास विकर असतं हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं, आणि त्यांना पुढे २०१३ मध्ये इग नोबेल हे गमतीदार पण मानाचं बक्षीस मिळालं. तुझ्या कामाचं एवढंच, की पेशी जितक्या कमी चिरडतील तितका वायू कमी. म्हणजे सुरीला धार हवी. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेंगरते. कापण्याआधी सोललेला कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलास तर विकर मंदावतं. आणि ती तळाची तबकडी शेवटपर्यंत कापू नकोस. तिच्यामुळे पापुद्रे एकत्र राहतात, चिरताना घसरत नाहीत.

चिरण्याची दिशाही महत्त्वाची. देठाकडून मुळाकडे उभे काप काढलेस तर ते शिजूनही आकार धरतात. भजी, बिर्याणीचा तळलेला कांदा, पुलाव यांना उभाच. आडव्या चकत्या जास्त उग्र लागतात आणि लवकर विरघळतात. कोशिंबिरीला बारीक चिरलास की गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळून घे, झणका उतरतो. लाल कांद्यावर लिंबू पिळ आणि बघ, पाच मिनिटांत गुलाबी होतो, कारण त्याच्या जांभळट रंगद्रव्याला आंबट लागलं की ते खुलतं. आणि बाजरीची भाकरी, ठेचा असेल तेव्हा सुरी बाजूला ठेव. कांदा पाटावर ठेवायचा, वरून एक बुक्की मारायची, गाभा काढून टाकायचा आणि पाकळ्या मिठाबरोबर खायच्या. तशी चव चिरलेल्याला नाही. नवऱ्यासमोर बुक्की मारायला लाजू नकोस, उलट एकदा दाखवच.

परतून लाल होत नाही, याचं उत्तर आता तुझं तुलाच सापडलं असेल. कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. ते उडून गेल्याशिवाय रंग चढत नाही, आणि पोळ कांदा त्यातही पाणथळ. ‘पाच मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता’ असं व्हिडिओत म्हणतात ते विसर. किलोभर कांदा नीट लाल व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पसरट कढई घे, सुरुवातीलाच मीठ टाक म्हणजे पाणी लवकर सुटतं, निम्मा वेळ मध्यम आच आणि शेवटी मंद. घाईत साखर टाकून रंग आणू नकोस, तो रंग दिसतो, चव येत नाही. आणि कच्चा कांदा मिक्सरमधून काढून फोडणीत घालायची तुझी सवय आजपासून बंद. वाटताना सगळ्या पेशी एकदम फुटतात, तो सगळा उग्रपणा वाटणात उतरतो आणि रस्सा कडवट होतो. आधी परत, मग वाट. त्याहून चांगलं म्हणजे अख्खा कांदा सालीसकट गॅसवर भाज. आच आतपर्यंत पोचली की विकर निकामी होतं, उग्रपणा तयारच होत नाही, राहतो तो गोडवा. कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणाची सगळी करामत इथेच आहे. पोह्यांना मात्र याच्या उलट. तिथे कांदा फक्त मऊ आणि पारदर्शक व्हायला हवा, लाल झाला की पोहे जळकट लागतात.

खेकडा भजी तुझी मऊ पडतात कारण तू पिठात पाणी घालतेस. उभा पातळ कांदा चिर, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेव. जेवढं पाणी सुटेल तेवढ्यातच मावेल इतकं बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, हातावर चोळलेला ओवा, तिखट, हळद, आणि वर चमचाभर कडकडीत तेल. वरून पाण्याचा थेंबही नको. कांद्याच्या काड्या पिठातून बाहेर डोकावल्या पाहिजेत, तेव्हाच ते खेकड्याचे पाय होतात. पोळ कांदा असेल तर पाणी फार सुटतं, तेव्हा पंधराची पाच मिनिटं कर.

तुझ्या सासरी चातुर्मास पाळतात, त्याचं दडपण घेऊ नकोस. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते, त्या दिवशी भजी, झुणका, थालीपीठ, कांद्याची चटणी, काय हवं ते करून सगळ्यांना मनसोक्त खाऊ घाल. पुढचे चार महिने हिंग, आलं, भाजलेले तीळ-दाणे-खोबरं यांवर रस्से दाट करता येतात. दुधी किसून परतलास तर कांद्याची जागा बऱ्यापैकी भरते. आपल्याकडे मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा येतो. कांदा कधी सोडायचा आणि कधी धरायचा हे ठरवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. पण शेतकऱ्याच्या नजरेनं बघ, चाळीतला कांदा संपत येतो ते दिवस वर्ज्य, आणि कोवळी पात बाजारात दिसायला लागते तेव्हा सुरुवात. तुझ्या सासूबाईंना हे सांगून बघ, त्यांना आवडेल.

आता व्हॉट्सॲपवरून तू पाठवतेस त्यांपैकी काही निकालात काढते. कापलेला कांदा हवेतले जंतू ओढून विषारी होतो, हे खोटं. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत वापर. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आपले आजोबाही करायचे. ठेवायचा तर ठेव, पण पाणी प्यायचं आणि डोक्याला बांधायचं, काम तेच करतं. केसांना कांद्याचा रस लावण्यावरून तू पार बाटल्या मागवल्यास. २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो चाई पडलेल्या रुग्णांवर, म्हणजे जिथे गोल चट्ट्यानं केस जातात तिथे. तुझे केस विंचरताना गळतात, ते प्रकरण निराळं. त्यासाठी आधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन बघ. कच्च्या कांद्यानं पोट फुगत असेल तर मनाचे खेळ समजू नकोस, त्यातली एक प्रकारची साखर काहींना पचत नाही. शिजवून, थोडा खा. आणि तुझ्या घरातल्या कुत्र्याला रश्शातला कांदा कधीही घालू नकोस, शिजलेलासुद्धा. कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. दुकानात नानवर घालायला ‘कांद्याचं बी’ म्हणून देतात ती कलौंजी असते, तिचं झाडच वेगळं. कांद्याचं खरं बी आम्ही जिवापाड जपतो, कारण वर्ष उलटलं की त्याची उगवण घसरते.

राहिला भावाचा विषय, ज्यावरून आपलं दर वर्षी वाजतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदा चढला की तू म्हणतेस, “तुमची चांदी आहे बाई!” जरा हिशोब बघ. पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर एक रोप धरलं तर एकरात अडीच लाखांच्या वर रोपं बसतात, आणि ती सगळी बायका वाकून, एकेक करून हातानं लावतात. मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा ऑक्टोबरात विकायचा म्हणजे तिसरा हिस्सा गमावून उरलेला विकायचा. त्यात पावसानं पोळ लांबला किंवा सडला की मधल्या दोन महिन्यांत बाजारात माल नसतो. भाव तेव्हा चढतो, आणि चढला की लगेच दिल्लीला घाम फुटतो. १९९८ साली तिथलं राज्य सरकार निवडणुकीत गेलं, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा होता, हे अजून कुणी विसरलेलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत परत बंदी. तारखा बघितल्यास ना? भाव वर गेल्यावर दार बंद होतं. खाली येतो तेव्हा मात्र कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन २ रुपये ४९ पैसे उरले होते. ती बातमी तूच मला पाठवली होतीस.

लासलगावच्या बाजार समितीत, १९४७ पासून चालू आहे ती, सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापारी ट्रॉलीतला कांदा मुठीत घेतो, चोळतो, मान बघतो आणि बोली बोलतो. महिन्यांच्या कष्टाचा निकाल काही मिनिटांत लागतो. तिथेही पहिली वर्गवारी हीच, लाल, म्हणजे पोळ-रांगडा, की उन्हाळ. तू टोपलीपुढे उभी राहून तोच प्रश्न विचारलास तर निदान माल बघून पैसे दिल्यासारखं होईल. लाल कांदा महाग आणि उन्हाळ स्वस्त दिसला, किंवा उलट, तर कुणी लुटतंय असा निष्कर्ष काढण्याआधी महिना कुठला ते बघ. बहुतेक वेळा उत्तर कॅलेंडरात सापडतं.

तेव्हा असं कर. यंदा मे महिन्यात दोघं गाडी घेऊन इकडे या. तुम्हाला दोघांना महिन्याला पाच किलो पुरत असेल तर तीस किलो उन्हाळ कांदा घेऊन जा. वाटेत गाडीत काचा बंद करून ठेवू नका. त्यातला काही खराब होणार हे धरूनच चाल. निवडायला दिवसभर बस, हवं तर प्रत्येक मान दाबून बघ, दाजी काही म्हणणार नाहीत. पैसे मात्र त्या दिवशीच्या लासलगावच्या भावानं द्यायचे. बहीण म्हणून सूट मागितलीस तर आईला सांगेन.